पहिली ओंजळ

बारा दिवस रोझलीन दिराच्या विहिरीचं पाणी चोरून आणत होती, आणि तेराव्या दिवशी, म्हणजे लेकीच्या, फ्लॉसीच्या, लग्नाच्या आदल्या दुपारी, ही चोरी अंगाशी येणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. तशी ती चोरी म्हणावी अशी नव्हतीच. दिराच्या घरात तिला कुणी अडवत नव्हतं; उलट धाकटी जाऊ फ्लोरा स्वतः कळशी भरून तिच्या डोक्यावर चढवून देत होती. चोरी होती ती नवऱ्यापासून. पंचवीस वर्षांच्या संसारात सॅन्टनपासून लपवलेली ही तिची पहिलीच गोष्ट. निदान तिचा तसा समज होता.

दोन्ही भावांच्या वाड्यांमधल्या मेंदीच्या कुंपणाला जिथे खिंडार पडलं होतं, तिथे दोघी जावा उभ्या होत्या. अलीकडे सॅन्टनच्या अंगणात मांडवाचे बांबू ठोकले जात होते.

"बाय, पिंप मी सकाळीच काळूरामच्या गाडीवर चढवून दिलं," फ्लोरा म्हणाली. "आचाऱ्याला पुरंल. पन सांजेचं काय?"

"सांजेचंच बघते हाय."

"बघतेस काय? पाचाला बँडवाले येतील. आख्ख्या आळीतल्या बायका येतील. तू कळशी सोडशील, ओंजळ तोंडाला लावशील, आनि उर्सुलाआत्या इचारंल, पानी कसं? मग काय म्हनशील?"

बारा दिवस रोझलीन याच प्रश्नाभोवती फिरत होती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नवरीच्या आंघोळीसाठी उंबराचं पाणी आणायला बायका वाजतगाजत विहिरीवर जातात. सॅन्टनच्या, म्हणजे तुस्कानोंच्या, घरात या रीतीला एक शेपूट जास्तीचं होतं. पहिली कळशी नवरीच्या आईनं ओढायची, तिच्यातली ओंजळभर चाखायची. मग घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईनं विचारायचं, 'पानी कसं?' आणि आईनं चारचौघांत ऐकू जाईल असं म्हणायचं, 'गोड.' त्यानंतरच बाकीच्या कळश्या भरायच्या. पाणी गोडच असायचं, त्यामुळे ते विचारणं नुसतं कौतुकाचं होतं. रोझलीन नवी नवरी म्हणून या घरात आली त्याच वर्षी नणंदेचं लग्न झालं, तेव्हा सासूनं तो शब्द असा ठणकावून म्हटला होता की ढोलवाला दचकला.

यंदा ते पाणी खारं होतं.

कसं झालं ते तिला काळूरामनं सांगितलं होतं. काळूराम चिंचोटीचा, पंधरा वर्षं त्यांच्या रहाटावर रेडा हाकणारा, आणि खोटं बोलायचा कंटाळा असलेला माणूस. एप्रिलच्या शेवटी रोझलीन फ्लॉसीला घेऊन लुगडी घ्यायला म्हणून चार दिवस माहेरी गेली. तेवढ्यात सॅन्टननं काळूरामला सुट्टी दिली, आगाशीहून भाड्यानं तेलाचं इंजिन आणवलं आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत चार दिवस विहीर उपसून वाडीला पाजली. मार्सेल तेव्हा केळी घेऊन मुंबईला गेला होता, आणि इंजिनाचा आवाज गावानं त्याच्याच वाडीतला समजला. न मागता मिळालेल्या सुट्टीचा अर्थ न कळून काळूराम दुसऱ्याच दिवशी परत आला होता. "बाय, विहिरीचा तळ दिसत होता," तो म्हणाला, "आनि मालक काठावर बसून हसत होते."

समुद्र इथून हाकेवर. वरचं गोड पाणी बेतानं उचललं तर खालचं खारं आपल्या जागी राहतं. हावरटपणा केला की ते वर येतं. हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक असतं. सॅन्टनला तर सगळ्यांहून जास्त, कारण गेली चार वर्षं तो हेच सांगत गावभर फिरला होता.

चार वर्षांपूर्वी त्याचा धाकटा भाऊ मार्सेल मुंबईच्या गोदीतलं काम सोडून गावी परतला, तो इंजिन घेऊनच. वाटणीत बापाची विहीर सॅन्टनकडे आलेली, पण पाण्यावर हक्क दोघांचा. मार्सेलनं इंजिन बसवू का म्हणून रीतसर विचारलं. सॅन्टननं रविवारच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर, देवळाबाहेर, सगळ्या गावासमोर त्याला हात जोडले आणि म्हणाला, बापाच्या विहिरीचा जीव घेऊ नको. गावानं सॅन्टनला शहाणा म्हटलं आणि मार्सेलकडे वाकड्या नजरेनं पाहिलं. मार्सेलनं आपल्या हद्दीत नवी विहीर खणली, तिला गोड पाणी लागलं, आणि सकाळी तासभर इंजिन चालवून बंद करायचं हा नेम त्यानं एक दिवसही मोडला नाही. वाडी फुलली. घरावर मंगलोरी कौलं आली, दाराशी लॉरी आली, ओट्यावर रेडिओ आला. त्या रेडिओच्या बातम्या सॅन्टन कुंपणाअलीकडे उभा राहून शेवटपर्यंत ऐकायचा आणि मग त्यात काही दम नाही म्हणायचा.

दुखणं जुनं होतं. शाळेत सॅन्टन फायनलच्या परीक्षेला तालुक्यात पहिला आला होता. मार्सेल दोनदा नापास. पण बाप अचानक गेला आणि थोरला म्हणून सॅन्टन रहाटावर बसला, धाकट्याला लोकांनी मुंबईला पाठवलं. तेव्हापासून कुठेतरी हिशेबात चूक झाली आहे आणि एक दिवस कुणीतरी येऊन ती दुरुस्त करील, अशा थाटात सॅन्टन जगत आला होता. कुणी आलं नाही. यंदा एप्रिलमध्ये तालुक्याच्या प्रदर्शनात मार्सेलच्या राजेळी केळीच्या घडाला पहिलं बक्षीस मिळालं, मामलेदारानं त्याला हार घातला. सॅन्टन मागच्या बाकावर बसून टाळ्या वाजवत होता. घरी येईपर्यंत तो रोझलीनशी एक अक्षर बोलला नाही. त्यानंतर दहाव्या दिवशी इंजिन आलं.

"मी मार्सेलला सांगून ठेवलंय," फ्लोरा म्हणाली. "खारं-बिरं काय नाय सांगितलं. एवढंच म्हटलं, पोरीचं काम हाय, दोनी विहिरींचं पानी घ्या, पयली कळशी आपली. तो इचारंल भावाला."

"ते ऐकतील?"

"नाय ऐकलं तर तू आजारी पड. मी तुझ्या जागी ओंजळ घेते. मना खोटं बोलाया लाज वाटत नाय."

रोझलीनला हसू आलं, पण फ्लोरा हसत नव्हती.

तीनच्या सुमारास मार्सेल मांडवात आला. सॅन्टन उंच, वाळका, पन्नाशीला टेकलेला. मार्सेल त्याच्याहून चार वर्षांनी लहान, बुटका, गोल, आणि कुठेही गेलो तरी बसायला जागा मिळेल अशा खात्रीनं चालणारा. आल्याआल्या त्यानं मांडवाचा एक सैल दोर ओढून घट्ट केला. त्याची पाठ वळताच सॅन्टननं तो दोर सोडला आणि पुन्हा स्वतः बांधला. रोझलीन स्वयंपाकघराच्या दारात सुपात तांदूळ घेऊन बसली होती. तिनं ते पाहिलं.

"दादा, मी काय म्हणतो," मार्सेल म्हणाला. मुंबईत त्याची घरची बोली निम्मी पुसली गेली होती. "फ्लॉसी माझीपण पोरगी आहे. या वेळेला दोन्ही विहिरींचं पाणी घेऊ या. पहिली कळशी माझ्याकडची, मग आपल्या बापाची."

सॅन्टनचा हात दोरावर थांबला. "पयली तुझी?"

"पहिली काय, दुसरी काय. काय फरक पडतो?"

"फरक पडत नाय तर पयली कशाला मागतोस?"

केळीचे खुंट बांधणारी माणसं कामं सोडून ऐकू लागली. खांबाजवळच्या बाकावर उर्सुलाआत्या बसली होती. बापाची बहीण, ऐंशी पार केलेली. डोळ्यांनी अधू झाली होती, पण कान शाबूत होते आणि जीभ त्याहून शाबूत.

"मार्सेल, तू लॉरी घे, रेडू घे, काय पायजे ते घे," ती म्हणाली. "उंबराचं पानी याच विहिरीचं. माझ्या लग्नाला याच विहिरीचं आनलेलं."

"आत्या, मी विहीर मागत नाही."

"चार वरसांमागं मागितली होतीस," सॅन्टन म्हणाला. आवाज त्यानं मुद्दाम मोठा केला होता. "मी दिली नाय म्हनून तिचं पानी आज गोड हाय. तुझं इंजिन बसलं असतं तर पोरीला मिठाच्या पान्यानं न्हाऊ घालायची पाळी आली असती."

रोझलीनच्या हातातलं सूप खाली टेकलं. बिचाऱ्याला ठाऊक नाही, असं तिच्या मनात आलं, आणि तिला त्याची इतकी कीव आली की उठून त्याचं तोंड हातानं बंद करावंसं वाटलं. चार दिवस विहीर उपसूनही काही बिघडलं नाही, या आनंदात तो होता. आणि तो आनंद तिनंच, कळशी कळशीनं, त्याच्या माठात भरला होता.

मार्सेलचा चेहरा उतरला. "दादा, चार वर्षं मी हे ऐकतोय. माझ्या विहिरीला आजवर काय झालं?"

"होईल."

"होईल म्हणतोस की व्हावं म्हणतोस?"

सॅन्टन एक पाऊल पुढे आला. "माझ्या दारात, माझ्या पोरीच्या लग्नाला..."

"म्हणूनच गप्प बसतो," मार्सेल म्हणाला. "परवा बोलू."

इतक्यात उर्सुलाआत्यानं बाजू बदलली. ती नेहमीच अशी, भांडण एकतर्फी होऊ लागलं की तिला करमत नसे. "तसं त्याचं खोटं नाय, सॅन्टन. त्याची विहीर काय खारी नाय झाली."

"आत्या, तू कोनाच्या बाजूची?"

"मी पोरीच्या बाजूची. दोनी विहिरींचं पानी घ्या. पयली आपली, मग त्याची. झालं. आता कोन बोलला तर मी घरी जाते."

ती याच घरी राहत होती, पण कुणी हसलं नाही. "ठरलं," मार्सेल म्हणाला आणि निघून गेला. खिंडारापाशी उभ्या असलेल्या फ्लोरानं लांबूनच रोझलीनकडे पाहून हात उलटे केले. पहिली कळशी आता आत्याच्या शब्दानं पक्की झाली होती. आजारी पडण्याचं सोंगही आता चाललं नसतं, भांडणावरून रुसली असंच लोकांनी म्हटलं असतं.

एकच मार्ग उरला होता. नवऱ्याला खरं सांगायचं. निदान थोडंसं, त्याच्यानं सोसेल इतकं.

तिनं त्याला कोठीत बोलावलं. तिथे तांदळाची पोती होती, पाहुण्यांसाठी आणलेली काचेची भांडी होती, आणि दार लोटलं की बाहेरचं कुणाला ऐकू जात नव्हतं.

"एक मागते," ती म्हणाली. "पयली कळशी भावजींच्या विहिरीची घेऊ द्या."

"आता तू पन?"

"कारन इचारू नका."

"मी या घरात कोन हाय? दोर बांधतो तर तो येऊन ओढतो. लॉरी पाठवू काय म्हनतो, बँड मी ठरवू काय म्हनतो. माझ्या पोरीच्या लग्नात मी पाहुना काय?"

"तो मायेनं करतो."

"तेच तर," सॅन्टन म्हणाला. "तो वाईट असता तर बरं झालं असतं."

त्याचं हे बोलणं अगदी खरं होतं. रोझलीन धीर करून म्हणाली, "तर मग एक करा. आत्ता विहिरीवर जा. कोन नाय तिकडं. एकदा तुमीच पानी चाखून बघा."

तो का म्हणून विचारील, याची ती वाट पाहत होती. पाण्याला काय धाड भरली, असं दुसऱ्या कुणीही विचारलं असतं. सॅन्टननं विचारलं नाही. तो पोत्यांकडे बघत म्हणाला, "चाखायचं तू हायस. तुझ्या तोंडातून गोड आलं का झालं. दुसरं कोन चाखत नाय."

रोझलीनला आधी ते नुसतं ऐकू आलं. समजलं मागाहून, आणि समजलं तेव्हा एकेक करून सगळंच समजलं. बारा दिवस रहाट जवळजवळ बंद होता, त्यानं विचारलं नव्हतं का. भर दुपारी ती कुंपणाच्या बाजूनं ओल्या पदरानं येत होती, त्यानं विचारलं नव्हतं कुठून. आज सकाळी आचाऱ्याच्या चुलीशी मार्सेलच्या वाडीतून पाण्याचं पिंप आलं, तेव्हा तो त्याच्याकडे पाठ करून पानवेलीकडे निघून गेला होता.

"तुमाला ठावं हाय," ती म्हणाली.

त्यानं पुढ्यातल्या पोत्याचं तोंड सुतळीनं आवळलं.

"कदीपासून?"

"इंजिन बंद केलं त्याच सांजेला चाखलं."

"आनि घरातलं पानी? माठातलं?"

"तू आनतेस ते बघितलं मी. दुसऱ्या दिशी."

"बारा दिस," रोझलीन म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट अगदी खाली गेला. "उन्हातानाची दिराच्या विहिरीवरनं कळश्या वाहते मी. तुमाला कळू नये म्हनून. आनि तुमी जेवताना तांब्या तोंडाला लावून म्हनत होते, बापाच्या विहिरीची सर कशाला नाय."

"पानी गोड होतं," तो म्हणाला.

तिला वाटलं, हातातलं काहीतरी त्याला फेकून मारावं. हातात काही नव्हतं. इतकी वर्षं या माणसाच्या मत्सराचे काटे तिनं वाकून वाकून वेचले होते. कुणाला टोचू नयेत म्हणून. आणि तो वर उभा राहून मोजत होता की ती कितीदा वाकते.

"सांगितलं असतं तर काय झालं असतं?" तिनं विचारलं.

"कोनाला सांगू? मार्सेलला?" आता तो तिच्याकडे वळला. डोळे लाल झाले होते. "पन्नाशी आली, रोझलीन. त्याच्याकडे बघ, माझ्याकडे बघ. गावातली मानसं माझ्याकडे येतात ती एकाच गोष्टीसाठी. सॅन्टननं विहीर राखली. दुसरं काय केलं मी? ती पन गेली तर मी कोन?"

याला तिच्याकडे उत्तर होतं. माझा नवरा, फ्लॉसीचा बाप, असं ती सहज म्हणू शकली असती. पण या गोष्टी त्यानं कधी आपल्या मिळकतीत धरल्याच नव्हत्या, आणि आज तिच्या सांगण्यानं तो त्या धरणार नव्हता. बाहेर बँडवाले आल्याची गडबड सुरू झाली.

"एक शब्द हाय," सॅन्टन म्हणाला. "एवढाच. मी तुझ्याकडे कदी काय मागितलंय?"

मागितलं नव्हतं, हेही खरं होतं.

पाचाला मिरवणूक निघाली. पुढे बँड, मागे लाल लुगड्यांमधल्या बायका, कमरेवर कळश्या. रोझलीनच्या कळशीला फुलांची माळ बांधली होती. फ्लोरा गर्दीतून वाट काढत तिच्या बाजूला आली आणि गाण्याच्या आवाजाखाली म्हणाली, "काय ठरलं?"

"त्यांना सगळं ठावं हाय. पयल्या दिसापासून."

फ्लोरा चालता चालता थांबली. मागच्या बाईची कळशी तिच्या पाठीवर आपटली. "सगळं? तुझं पानी आननं पन?"

"ते पन."

"मग तू गोड म्हनू नकोस," फ्लोरा म्हणाली. आतापर्यंत खोटं बोलायला तीच तयार होती. "बाय, माझं ऐक. आज म्हनलीस तर जल्मभर म्हनशील."

विहिरीपाशी काळूरामनं रेडा सोडून बाजूला बांधला होता. पुरुषमंडळी पानवेलीच्या बांधाला उभी राहिली. सॅन्टन सगळ्यांच्या पुढे, लग्नाला शिवलेला काळा कोट आजच घालून. मार्सेल मागे कुठेतरी. उर्सुलाआत्याला दोघींनी धरून काठाशी आणलं. बँड थांबला.

रोझलीननं कळशी सोडली, बुडू दिली, आणि दोर ओढू लागली. कळशी जड होती. तिनं ती काठावर टेकवली, थोडं पाणी तांब्यात घेतलं, ओंजळीत ओतलं आणि प्याली. तिला वाटलं होतं त्याहून ते पुष्कळ जास्त खारं होतं. ओठ चुरचुरले.

"पानी कसं?" उर्सुलाआत्यानं विचारलं.

शब्द अगदी सोपा होता. तो म्हटला की नवरा वाचणार होता, लग्न सुखासुखी पार पडणार होतं, आणि उद्या आंघोळीच्या पाण्याची चव कुणी घेणार नव्हतं. रोझलीनला पुढचंही दिसलं. परवा पाहुणे पांगतील आणि ती पुन्हा खिंडारातून कळशी घेऊन जाईल. तेरवाही जाईल. सॅन्टन जेवायला बसेल, तांब्या तोंडाला लावील, बापाच्या विहिरीची तारीफ करील, आणि ती ऐकून घेईल. दोघं म्हातारी होईपर्यंत.

"गो, पानी कसं?" आत्यानं पुन्हा विचारलं. बायकांत कुजबुज झाली.

रोझलीननं तांब्या भरला आणि ती बांधाकडे चालत गेली. नवऱ्यासमोर उभी राहून तिनं तांब्या पुढे केला.

"तुमी सांगा," ती म्हणाली.

"बाप्या मानूस कदी चाखतो काय?" आत्या ओरडली.

"आज चाखंल."

सॅन्टननं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि रागाखाली भीती होती. रोझलीननं मनाशी ठरवून टाकलं होतं: तो गोड म्हणाला तर आपण उलट बोलायचं नाही. मग तेच आपलं नशीब. तिनं हात मागे घेतला नाही.

त्यानं तांब्या घेतला आणि शेवटपर्यंत प्याला. घाई केली नाही. प्याल्यावर मनगटानं मिशा पुसल्या, आणि बराच वेळ रिकाम्या तांब्यात बघत राहिला.

"खारं," तो म्हणाला.

लांब उभ्या असलेल्या बँडवाल्याला फक्त काहीतरी बोलल्याचं कळलं. तो वाजवू लागला आणि कुणीतरी त्याला दटावून थांबवलं.

"खारं हाय," सॅन्टन पुन्हा म्हणाला, वर्गात उभं राहून उत्तर द्यावं तसा ताठ. "इंजिन मी आनलं होतं. भाड्यानं. चार दिस चालवलं. घरात बारा दिस मार्सेलच्या विहिरीचं पानी येतं, रोझलीन आनते. मी ते पीत होतो."

बायकांच्या घोळक्यात एक लांब 'आं' उमटला. माणसं बाजूला झाली आणि मार्सेल पुढे आला. तो भावाला मिठी मारील, निदान असू दे म्हणेल, असं सगळ्यांना वाटलं असावं, कारण तो तसाच माणूस होता. त्यानं दोन्हींतलं काही केलं नाही.

"देवळाबाहेर तू मला हात जोडलेस," तो म्हणाला. "त्या दिवसापासून चार वर्षं मी गावात खाली मान घालून चाललो, दादा. लोकांनी मला बापाच्या विहिरीचा वैरी म्हटलं."

"व्हय."

"तासभर चालवलं तर विहिरीला काही होत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"तेवा नव्हतं. मग तुझी विहीर बघून कळलं. कळल्यावर पन बोलत राहिलो."

"का?"

सॅन्टननं कोटाचं एक बटण उघडलं आणि पुन्हा लावलं. "तुझं चांगलं चाललं होतं म्हनून," तो म्हणाला.

मार्सेलच्या तोंडावर राग होता, आणि रोझलीनला बरं वाटलं की तो त्यानं लपवला नाही. सॅन्टननं घसा साफ केला. पुढचं वाक्य त्याला पहिल्यापेक्षा जड गेलं.

"पोरीच्या आंघोळीला पानी देशील काय?"

मार्सेल बायकांकडे वळला. "वहिनी, कळश्या घेऊन माझ्याकडे चला," तो म्हणाला, आणि भावाकडे न बघता पुढे म्हणाला, "बाकीचं परवा बोलू. मी विसरलो असं समजू नकोस."

"नाय समजत," सॅन्टन म्हणाला.

बँड पुन्हा सुरू झाला. फ्लोरा बायकांना घेऊन कुंपणाकडे निघाली, आत्या दोघींच्या आधारानं मागोमाग, वाटेत दोन्ही भावांना सारख्याच शिव्या देत. रोझलीननं काठावरची कळशी उपडी केली. खारं पाणी मातीत गेलं. सॅन्टन तिच्याजवळ आला. हात पुढे करून तो कळशी मागू लागला.

"उंबराची कळशी बाप्या मानूस घेत नाय," ती म्हणाली.

"मग परवापासून. मी आनीन पानी."

रोझलीननं त्याच्याकडे नीट पाहिलं. हा मनुष्य तालुक्यात पहिला आला होता, आणि एवढं वाक्य शिकायला त्याला पन्नास वर्षं लागली होती.

"दिवसाउजेडी," ती म्हणाली. "आनि रस्त्यानं. कुंपनातनं नाय."

रस्त्यानं म्हणजे देवळावरून, दुकानावरून, ज्या ओट्यांवर बसून लोक गेली चार वर्षं त्याचं ऐकत आले त्या सगळ्या ओट्यांसमोरून. त्याला ते कळलं. त्यानं मान हलवली.

"रस्त्यानं," तो म्हणाला.

रिकामी कळशी कमरेवर घेऊन ती बायकांच्या मागे गेली. खिंडार ओलांडताना तिला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. नवऱ्याची कीव येऊन ती रडत नव्हती, त्याचा अभिमान वाटूनही नाही. ती दमली होती, आणि हे आता कुणापासून लपवायचं राहिलं नव्हतं.